तळोजाच्या भिंतीबाहेरचे ख्रिस्ती

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा, पण अर्धवट वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, एवढीच विनंती.

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चमध्ये नाताळच्या तयारीची मीटिंग होती. कुठलं चर्च ते विचारू नका. मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, आणि खरं सांगू का, वाशीपासून पनवेलपर्यंत बहुतेक चर्चमध्ये ती मीटिंग तशीच झाली असती. मंडप, कॅरलसाठी टेम्पो, साउंड, केक, गेटवरचा मोठा स्टार, मुलांच्या नाटकाचे ड्रेस. यादी वाढत होती, आकडा वाढत होता, कुणाची काही हरकत नव्हती.

मग मागच्या बाकावरून एक काका उठले. बँकेतून रिटायर झालेले, एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारे. म्हणाले, "यंदा साउंडचा खर्च निम्मा करूया. जेलमध्ये अशी गरीब पोरं असतात, ज्यांना कोर्टाने जामीन दिलाय, पण भरायला पैसे नाहीत म्हणून आतच आहेत. तळोजा आपल्या दाराशी आहे. चार-पाच जणांचे पैसे आपण भरूया. पोरं नाताळला घरी जातील. कुठल्या का धर्माची असेनात."

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आमचे खजिनदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, भावना चांगली आहे तुमची. पण दिवस कसे आहेत बघताय ना? जेल म्हटलं की पोलीस आले. पोलीस आले की चौकशी आली. उद्या कुणी म्हणालं की हे लोक कैद्यांना बाटवतायत, तर काय उत्तर देणार? आधी आपलं चर्च सांभाळू."

माना हलल्या. विषय 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बाजूला ठेवला. काका खाली बसले. पुढचा विषय स्टारच्या लायटिंगचा होता.

मीही गप्प बसलो. वीस वर्षं पत्रकारितेत आहे, बोलण्या-लिहिण्यावर पोट भरतो, आणि त्या हॉलमध्ये माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. म्हणून आज लिहितोय.

खजिनदार वाईट माणूस नाही. कोविडमध्ये त्यांनी स्वतःच्या गाडीतून लोकांना हॉस्पिटलमध्ये नेलंय, मी पाहिलंय. पण "आधी आपलं चर्च सांभाळू" हे वाक्य मला गेले आठ दिवस झोपू देत नाहीये. कारण हेच वाक्य आपण २०२० मध्ये मनातल्या मनात म्हटलं होतं आणि तेव्हा तळोजात काय झालं ते आपल्याला नीट माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

फादर स्टॅन स्वामी. जन्म १९३७, तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातला. जेझुइट धर्मगुरू. आयुष्याची अनेक वर्षं झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीच्या, जंगलाच्या आणि विनाखटला तुरुंगात सडणाऱ्या तरुणांच्या प्रश्नांवर घालवली. रांचीजवळच्या 'बगाईचा' या केंद्रातून ८ ऑक्टोबर २०२० ला राष्ट्रीय तपास यंत्रणेने म्हणजे एनआयएने त्यांना एल्गार परिषद प्रकरणात अटक केली. वय ८३. दुसऱ्या दिवशी मुंबईत आणलं, कोर्टात उभं केलं आणि तिथून रवानगी झाली तळोजा मध्यवर्ती कारागृहात. म्हणजे आपल्या खारघरच्या पलीकडे. आपण रविवारी पांडवकड्याला फिरायला जातो ना, त्याच भागात.

आरोप गंभीर होते, माओवाद्यांशी संबंधाचे. त्यांनी ते नाकारले. भीमा कोरेगावला आपण कधी गेलोच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला चाललाच नाही, त्यामुळे कोर्टाने त्यांना दोषीही ठरवलं नाही आणि निर्दोषही ठरवलं नाही. मी न्यायाधीश नाही आणि इथे खटला चालवत नाहीये. मी फक्त एका आजारी म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलतोय.

त्यांना पार्किन्सन होता. हात एवढे थरथरायचे की पाण्याचा पेला तोंडापर्यंत जायचा नाही. ६ नोव्हेंबर २०२० ला त्यांनी कोर्टात अर्ज केला की मला पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर द्या. अटकेच्या वेळी ते आपल्याकडून घेतलं गेलं, असं ते म्हणत होते. एनआयएने उत्तरासाठी २० दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला सांगितलं की आमच्याकडे त्यांचा सिपर नाहीच. मग कोर्टाने तुरुंग प्रशासनाला विचारलं. अखेर सिपर मिळाला. पण एका स्ट्रॉसाठी कोर्टात तारखा पडल्या, हे या शहराच्या हद्दीत घडलंय. देशभरातून चिडलेली माणसं तळोजा जेलच्या पत्त्यावर ऑनलाइन सिपर पाठवत होती. आपण मात्र जेलपासून काही किलोमीटरवर राहत होतो.

२२ मार्च २०२१ ला विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. २१ मे ला ते व्हिडिओवरून मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने जेवत होतो, आंघोळ करत होतो, चालत होतो, आता यातलं काही जमत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला माझ्या माणसांत राहू द्या, एवढंच मागणं होतं. २८ मे ला कोर्टाच्या आदेशाने वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथे कोविड निघाला. ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी सुरू होती, तेव्हाच डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की ते गेले.

आता माझं सांगतो. त्या वेळी मी याच पट्ट्यात बातमीदारी करत होतो. सिपरची बातमी एजन्सीकडून आली, मी तिचा चार ओळींचा तुकडा करून आतल्या पानावर लावला. 'स्टॅन स्वामी यांच्या अर्जावर पुढील सुनावणी'. एवढंच. जेलच्या गेटवर गेलो नाही. कुठल्या पाळकाला, कुठल्या फादरला फोन करून विचारलं नाही की तुमचं काय म्हणणं आहे. संपादकांनी अडवलं नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. मीच ठरवलं होतं की आपलं आडनाव, आपला धर्म, त्यात हा विषय, कशाला उगाच. आपल्याकडे म्हणतात तसं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी शहाणा झालो.

अर्थात सगळेच गप्प नव्हते, हेही नोंदवलं पाहिजे. मुंबईत, रांचीत, केरळमध्ये निदर्शनं झाली, जेझुइट मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली, काही बिशप बोलले. प्रिझन मिनिस्ट्रीचे स्वयंसेवक देशभरातल्या तुरुंगांत वर्षानुवर्षं काम करतायत. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांबद्दल. दर रविवारी पहिल्या रांगेत बसणाऱ्या, गाणी तोंडपाठ असणाऱ्या, दशांश वेळेवर देणाऱ्या बाकी सगळ्यांबद्दल.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट दुसरीच आहे. स्टॅन स्वामींनी तळोजातून मित्रांना पत्र पाठवलं होतं, ते तेव्हा पेपरात आलं. त्यात तक्रार जवळजवळ नाही. त्यांनी लिहिलं होतं की सहआरोपी अरुण फरेरा मला जेवायला मदत करतो, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळ घालतो. बराकीतले दोन कैदी कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. ती दोघं अगदी गरीब घरातली आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि इतकं सगळं असूनही तळोजा जेलमध्ये माणुसकी उतू चाललीय, अशा अर्थाचं ते लिहून गेले.

विचार करा. भिंतीच्या आत, गरीब घरातली पोरं एका म्हाताऱ्या पाद्र्याचे गुडघे चोळत होती. त्यांनी विचारलं नाही की हा कुठल्या धर्माचा, याच्यावर कलम कोणतं, याला हात लावला तर आपली केस बिघडेल का. आणि भिंतीच्या बाहेर आपण, बायबल वाचणारे, हाच हिशेब करत बसलो होतो.

मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलाय. शेवटच्या दिवशी राजा माणसांची निवड कशावर करतो? सहा प्रश्नांवर. भुकेल्याला खायला दिलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याकडे गेलात का, तुरुंगातल्याला भेटलात का. झालं. किती गाणी म्हटली, किती उंच स्टार लावला, चर्चचा चटईक्षेत्र निर्देशांक किती, हे प्रश्नपत्रिकेत नाहीच. आणि त्या सहापैकी तीन प्रश्न तर एकट्या त्या म्हाताऱ्यात होते: तहानेला, आजारी आणि तुरुंगात. पेपर फुटून आपल्या दारात पडला होता, तरी आपण नापास झालो.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते कमेंटमध्ये येणारच आहेत.

पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा. "धर्मगुरूने प्रार्थना करावी, राजकारणात पडू नये. स्टॅन स्वामी पडले, म्हणून भोगलं."

आमच्या हॉलमध्ये पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. तुमच्याही असेल. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. हे आपण मुलांना शिकवतो. शिकवत नाही ते पुढचं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारी प्लेग हॉस्पिटलमध्ये बायकांची काय दशा होते, यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारला जाहीर झोडपलं. सरकार कुणाचं? इंग्रजांचं. त्यांचा धर्म कुठला? रमाबाईंनी स्वीकारलेलाच. गप्प बसून फायदाच होता. तरी त्या बोलल्या, कारण त्यांच्या लेखी दुष्काळातली पोर घरात घेणं आणि प्लेगमधल्या बाईसाठी सरकारशी भांडणं ही एकच गोष्ट होती.

दुसरं नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईत हरित वसई संरक्षण समितीतून त्यांनी विहिरी, झाडं, शेतजमिनी वाचवण्यासाठी भल्याभल्यांशी वैर घेतलं. त्या विहिरींचं पाणी फक्त ख्रिस्ती लोक पीत नव्हते. उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये तब्येत बरी नसतानाही ते तिथे गेले आणि जे बोलायचं ते मराठीत, ठणकावून बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. स्टेटस ठेवायला काय जातंय? ते जिवंत असताना जे करत होते, त्यातलं काही करायला सांगितलं की आपण म्हणतो, दिवस वाईट आहेत.

दुसरा आक्षेप खजिनदारांचा, आणि तो खोटा नाही. भीती खरी आहे. मार्च २०१५ मध्ये नवीन पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर मोटारसायकलवरून आलेल्या तोंड बांधलेल्या तिघांनी दगड मारले, संत जॉर्जच्या पुतळ्याची काच फोडली. सीसीटीव्हीत दिसलं. २०२५ च्या जूनमध्ये सांगलीकडे एका लोकप्रतिनिधीने पाद्र्यांना मारणाऱ्याला बक्षीस देण्याची भाषा जाहीर सभेत केली आणि त्याविरोधात जुलैमध्ये आझाद मैदानात हजारो ख्रिस्ती लोकांना यावं लागलं. मीही होतो. शेजारी उभी असलेली एक बाई पहिल्यांदाच मोर्चाला आली होती, तिचे हात कापत होते. तेव्हा भीती काल्पनिक आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

पण एक प्रश्न विचारतो. २०१५ मध्ये दगड आले तेव्हा त्या चर्चने कुठल्या कैद्याचा जामीन भरला होता म्हणून आले का? दगड मारणाऱ्याला आपण काय करतो याच्याशी देणंघेणं नसतं. आपण आहोत, एवढं त्याला पुरतं. मग आपण सेवा आवरती घेऊन नेमकं काय वाचवतोय? ज्या दिवशी खरंच वेळ येईल, त्या दिवशी आपल्या बाजूने कोण उभं राहील? केक खाल्लेले पाहुणे, की ज्यांच्या घरचा माणूस आपण सोडवून आणला ते? चर्चची भिंत उंच करून चर्च सांभाळलं जात नाही. शेजारच्या वस्तीतल्या माणसाला ते आपलं वाटलं तर तो येतो मध्ये.

तिसरा आक्षेप आपल्या बाहेरच्या मित्रांचा. माझ्या यादीत असे खूप आहेत आणि त्यांच्याशी माझी मैत्री आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. "तुमची सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष असतं."

तर ऐका. सांगलीत एका गरोदर तरुणीने आत्महत्या केली, सासरच्यांनी धर्मासाठी छळ केला असा आरोप झाला. आरोप सिद्ध झाला तर त्यांना कडक शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती मागणी सर्वांत आधी आपण ख्रिस्ती लोकांनी करायला हवी होती. २०२२ मध्ये इथे सीवूड्समध्ये एका चर्चच्या परवानगी नसलेल्या वसतिगृहातून मुलांची सुटका करावी लागली, पाळकावर अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला. तेव्हाही आपण "चर्चची बदनामी नको" म्हणून दबक्या आवाजात बोललो. तीही तीच चूक. आधी चर्च सांभाळू, मग मुलं. ज्याने एका लहानग्याला ठेच लावली त्याच्याबद्दल येशू काय म्हणाला, ते बायबल उघडून बघा. इमारतीला किंवा पाळकाला सूट देणारं तिथे काही सापडणार नाही.

आमिष दाखवून दिलेला घास हा घास नसतो, सौदा असतो. हे मी माझ्या लोकांनाही सांगतो. पण मित्रांनो, तुम्हीही एक सांगा. रस्त्यात पडलेल्या, अंगात किडे झालेल्या माणसाला उचलताना त्याला आधी काय विचारायचं असतं? पनवेलजवळ सील आश्रम आहे. मुंबईच्या फुटपाथवरची, स्टेशनवरची बेवारस, आजारी, मनाने हरवलेली माणसं ते उचलून आणतात, बरी करतात आणि घर सापडलं तर घरी पोचवतात. त्याच बाजूला नेऱ्याला शांतिवन आहे, गांधीविचारांच्या लोकांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं. एक जण येशूचं नाव घेतो, दुसरा गांधींचं. पाठीवर टाकलेल्या म्हाताऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. करुणेवर आमची मक्तेदारी नाही आणि आम्ही तसा दावाही करू नये. तुम्हाला संशय असेल तर दुरून बघू नका, सोबत या. आम्ही कुठे जातो, काय बोलतो, कुणाला किती पैसे देतो, सगळं डोळ्यांनी बघा.

आता घरातलं एक.

माझी मुलगी अकरावीत आहे. मध्यंतरी तिने इन्स्टाग्रामवर कुठेतरी सिपरची गोष्ट पाहिली. रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, ते स्टॅन स्वामी आपल्या तळोजात होते? मला वाटलं दिल्लीत वगैरे असतील." म्हटलं, हो, इथेच. ती म्हणाली, "मग आपल्या चर्चमधून कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, कोविड होता, भेटी बंद होत्या, नियम असतात. यातलं खोटं काहीच नव्हतं. पण तिने माझ्याकडे बघितलं आणि ताट उचलून आत गेली.

चर्चमध्ये दर वर्षी एक चर्चा होते, 'तरुण पिढी विश्वासापासून दूर का जातेय'. बाहेरून वक्ते बोलावतो. ते सांगतात मोबाइल, वेब सिरीज, कॅनडा. मग आपण गिटार आणतो, स्क्रीन लावतो, उपासना यूट्यूबवर लाइव्ह करतो. काही बिघडत नाही त्याने, करा. पण पोरं मोबाइलमुळे जात नाहीयेत हो. ती आपलं बघतायत. वेदीवरून जे वाचलं जातं आणि मीटिंगमध्ये जे ठरतं, त्यातलं अंतर त्यांना कळतं. माझ्या मुलीने मला विश्वासाबद्दल कधीच काही विचारलं नव्हतं. तो पहिला प्रश्न होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी मूळचा नगरकडचा. आमचं घराणं १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालं, असं घरात सांगतात. शाळेत मला पोटासाठी बाटलेल्यांचा म्हणून चिडवायचे. आजी म्हणायची, चिडवू दे. तिच्या सांगण्यानुसार आमच्या खापरपणज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. दुष्काळात कुणीतरी परका माणूस आला, त्याच्या बाजेवर बसला, त्याच्याच भांड्यातून पाणी प्यायला. म्हातारा म्हणे भाकरीने नाही, त्या पाण्याने हलला. खरं-खोटं देव जाणे, घरोघरी अशा गोष्टी असतात. पण एवढं मला कळतं की आमच्या घरात हा विश्वास आला तो कुणीतरी स्वतःची अब्रू, स्वतःची सुरक्षितता बाजूला ठेवून आमच्या दारात आलं म्हणून. तो तसाच पुढे जाऊ शकतो. दार लावून घेतलं तर आमच्या पिढीत संपेल. दगड मारणारे तो संपवू शकत नाहीत, आपण मात्र सहज संपवू शकतो.

बरं, नुसतं भाषण नको. काय करता येईल ते सांगतो.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसं होती. त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. त्यातले काही खरोखर काकांनी सांगितलं तसे, जामीन मंजूर झालेले, पण पैसे किंवा जामीनदार नाही म्हणून आत.

यासाठी कायद्याने वाटा केलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाने ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राची २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी योजना आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त केस असलेले सोडून.

म्हणजे कागदावर दार उघडं आहे. अडतं कुठे? कागद नेऊन देणारा माणूस नसतो. आई झारखंडमध्ये, भाऊ यूपीत, वकील फोन उचलत नाही. अर्ज भरायला, तारीख विचारायला, घरी फोन लावून 'तुमचा पोरगा बरा आहे' एवढं सांगायला कुणी नसतं. आपल्या चर्चमध्ये रिटायर झालेले बँकवाले आहेत, क्लार्क आहेत, नर्सेस आहेत, दोन-तीन वकील आहेत. मल्याळी, तमिळ, कोकणी, हिंदी, मराठी, सगळ्या भाषा आपल्या बाकांवर बसतात. झारखंड-छत्तीसगडहून घरकामाला आलेल्या आदिवासी मुली संध्याकाळच्या उपासनेला मागे उभ्या असतात, त्यांची भाषा जाणणारं आपल्यात दुसरं कोण आहे? नवी मुंबईत एवढं मनुष्यबळ एका छताखाली दुसरीकडे क्वचितच मिळेल. ते आपण टेम्पोच्या भाड्यावर घासाघीस करायला वापरतोय.

काल मी काकांना फोन केला. आधी माफी मागितली, मीटिंगमध्ये गप्प बसलो म्हणून. ते म्हणाले, "अरे जाऊ दे, मीसुद्धा ६८ वर्षं गप्पच होतो." आम्ही ठरवलंय. येत्या सोमवारी दोघं पनवेल कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जाणार. काय नियम आहेत, कुणाला मदत लागते, बाहेरच्यांनी कशी करायची, ते रीतसर विचारणार. चोरून काही नाही, पावती घेऊन, कागदावर. चर्चचं नाव वापरणार नाही, म्हणजे खजिनदारांना घोर नको. माझे पाच हजार, काकांचे दहा. कैद्याचा धर्म विचारणार नाही आणि आमचाही सांगणार नाही. कुणी विचारलाच तर लपवणार नाही.

जो कुणी या पोस्टखाली "मी येतो" लिहील, त्याला वेळ कळवीन. हिंदू, मुसलमान, बौद्ध, काहीच न मानणारे, सगळे या. पत्रकार मित्रांनो, तुम्हीही या, आणि बातमी चार ओळींची करू नका.

खजिनदारसाहेब, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. राग मानू नका. स्टार लावायला मी येतोच आहे शनिवारी, शिडी मी धरतो. तुम्ही सोमवारी फक्त कोर्टापर्यंत गाडी काढा. काकांचे गुडघे दुखतात.